धुतलेला डबा

आमच्या कॉलेजात समुपदेशन कक्ष निघाला आणि तो माझ्या गळ्यात पडला, कारण ज्या बैठकीत तो ठरला तिला मी गैरहजर होते. भाचीचं लग्न होतं. लग्नाहून परत आले तर टेबलावर आदेश येऊन पडलेला. मी भूगोल शिकवते. नद्यांची खोरी, पर्जन्यछाया, जमिनीची धूप. मुलांच्या मनातलं मला काय कळणार, असं मी प्राचार्यांना म्हणाले. ते म्हणाले, "मॅडम, तुम्हाला काळजी करायची सवय आहे ना, मग झालं तर."

ते काही खोटं नव्हतं. काळजी करण्यात माझा हात कुणी धरणार नाही. नवरा दूध आणायला गेला आणि नाक्यावर कुणाशी बोलत थांबला, तरी मी इकडे मनातल्या मनात दवाखान्यापर्यंत पोचलेली असते. पण घरातली काळजी वेगळी आणि कपाळावर पाटी लावून करायची काळजी वेगळी. पाटी तर खरोखरच लावली. खेळाच्या सामानाची जुनी खोली रिकामी करून तिथे एक सोफा ठेवला आणि दारावर ठळक अक्षरांत 'समुपदेशन कक्ष' लिहिलं. समोर कॅन्टीन. आत कोण जातं हे चहा पिता पिता सगळ्या कॉलेजला दिसणार. त्यामुळे त्या सोफ्यावर माझ्याशिवाय फारसं कुणी बसलं नाही. मुलांना काही बोलायचं असलं की ती माझ्या स्कूटरपाशी येत. मी हेल्मेटचा पट्टा लावत उभी राहायची आणि ती चाकाकडे बघत बोलायची.

हे काम गळ्यात पडल्यावर मला प्रशिक्षणाला साताऱ्याला पाठवलं. माहेर तिथलंच, आईकडे राहायला मिळेल म्हणून मीही गेले. तिथल्या डॉक्टरबाईंचं एक सांगणं डोक्यात पक्कं बसलं. एखादं मूल जिवाचं बरंवाईट करून घेईल अशी शंका आली तर आडून आडून चाचपू नका, सरळ विचारा. विचारल्यामुळे ते त्याच्या डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला जागा मिळते. आम्ही सगळ्या शिक्षकांनी माना डोलावल्या. चहाच्या वेळी मात्र आम्ही एकमेकींना म्हणालो, बाई गं, हे आपल्याच्यानं व्हायचं नाही.

गेल्या हिवाळ्यात ते करायची वेळ आलीच.

उसाचा हंगाम जोरात होता. हॉस्टेलवरचा एक मुलगा कॉलेज सुटल्यावर माझ्या स्कूटरपाशी येऊन घुटमळत उभा राहिला. आजूबाजूला कुणी नाही असं बघून म्हणाला, "मॅडम, माझा रूम पार्टनर डबा खात न्हाई."

आमच्याकडे आसपासच्या गावांतल्या मुलांचे डबे एसटीने येतात. आई सकाळी उठून चपात्या करते, घरातलं कुणीतरी डबा फाट्यावर नेऊन कंडक्टरच्या हवाली करतं आणि सांगलीच्या स्टँडवर मुलगा तो उतरवून घेतो. रिकामा डबा दुपारच्या गाडीने परत जातो.

"मग तो डबा खातं कोण?" मी विचारलं.

"मीच खातोय, मॅडम." त्याने मान खाली घातली. "आधी मजा वाटली. लय भारी कालवण असतंय त्याच्या आईचं. पर आता घशाखाली उतरत न्हाई. त्यो नुसता भिंतीकडं तोंड करून पडतोय. म्या डबा घासून, पुसून परत पाठवतोय, म्हंजे घरी कळाय नगो की पोरगं जेवलं न्हाई."

"शहाणा आहेस," मी म्हणाले. मला ते फार समजूतदारपणाचं वाटलं होतं.

तो पार्टनर कोण हे मला माहीत होतं. शेवटच्या वर्षाला, माझ्याच वर्गात. कऱ्हाडच्या बाजूचं गाव. आजोबा फौजेत, वडील तिथूनच हवालदार होऊन रिटायर झालेले, चुलता अजून नोकरीत. हा रोज सकाळी कॉलेजच्या मैदानावर धावायचा. दिवाळीनंतर भरतीतून त्याची निवड झाल्याचे पेढे आम्ही सगळ्यांनी स्टाफरूममध्ये खाल्ले होते. मग एक दिवस तो पुन्हा वर्गात येऊन बसला. विचारलं तर म्हणाला, जॉइनिंग लांबलंय. मी विश्वास ठेवला. सरकारी कामं लांबतातच.

दुसऱ्या दिवशी मी त्याला भूगोलाच्या प्रयोगशाळेत बोलावलं. भिंतीवरचे नकाशे उतरवून गुंडाळायचे आहेत, तू उंच आहेस, जरा मदत कर, असं सांगितलं. खरं तर नकाशे उतरवायची काही गरज नव्हती. तो स्टुलावर चढला. गळ्याचं हाड शर्टाबाहेर दिसत होतं.

"डबा कोण खातं रे तुझा?"

त्याने आशिया खंड काढला, गुंडाळला, सुतळी बांधली. मग आफ्रिका. माझ्याकडे पाठ होती म्हणून असेल, पण तो बोलायला लागला.

लेखी निघाली होती, ग्राउंड निघालं होतं. मेडिकल तेवढी राहिली होती. गावाने धीर धरला नाही. आमच्याकडे पोरगं ग्राउंडला पास झालं की फौजेत गेलंच असं धरतात. मेडिकल म्हणजे काय, छाती फुगवून दाखवायची. तरुण मंडळाने फाट्यावर भला मोठा फ्लेक्स लावला. सैन्यदलात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन, शुभेच्छुक समस्त ग्रामस्थ. फोटो त्याचा, वर्दी दुसऱ्याच कुणाची, मागे तिरंगा आणि रणगाडा. उघड्या जीपमधून मिरवणूक निघाली, फेटा बांधला, गुलाल उधळला, बायकांनी ओवाळलं. त्याच्या आठवड्याभरात मेडिकल झाली. डाव्या कानाच्या पडद्याला भोक निघालं. लहानपणी विहिरीत सूर मारायचा, तेव्हाचं असेल. फेरतपासणीला पुण्याला जाऊन आला. तिथेही तेच. पुढच्या भरतीला वय बसत नव्हतं.

"घरी काय सांगितलंस?"

"जॉइनिंग लांबलंय म्हणून. तवापासनं गावाला गेलोच न्हाई, मॅडम. कसा जाऊ? फाट्यावर उतरलं की समोर मीच हाय. वर्दीतला."

साताऱ्याच्या डॉक्टरबाई आठवल्या. मी एक खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, "जीव द्यावा असं येतं का तुझ्या मनात?"

तो स्टुलावरून उतरला. पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. आपल्याला हे कुणीतरी विचारेल असं त्याला वाटलं नसावं.

"मरावं असं न्हाई, मॅडम," तो हळूच म्हणाला. "पर झोपताना वाटतं, उद्या उठलोच न्हाई तर बरं हुईल."

मला रडू येत होतं, पण मी रडले नाही. घरी सांगायला हवं, एवढंच म्हणाले. त्यावर तो एकदम घाबरला. "घरी नगो, मॅडम. तुमच्या पाया पडतो. घरी कळालं तर..."

वाक्य तसंच टाकून तो गुंडाळलेले नकाशे कोपऱ्यात रचायला लागला.

त्या अर्ध्या वाक्याने माझी पाठ सोडली नाही. भाजी चिरताना, हजेरी घेताना, भरल्या वर्गात मान्सूनचे वारे शिकवताना ते वाक्य येऊन उभं राहायचं आणि मी ते हरप्रकारे पुरं करायची. घरी कळालं तर बाप मारेल. घरी कळालं तर आई अंथरूण धरेल. घरी कळालं तर तो... इथे मी थांबायची आणि खडू खाली ठेवून पाणी प्यायची. प्राचार्य म्हणाले, सरळ पालकांना बोलवा, आपली जबाबदारी नको. त्यांचं चुकत नव्हतं. पण आमच्याकडचे पालक बोलावल्यावर कसे येतात ते मी पाहिलं आहे. गाडी करून येतात, चार चुलते आणि एखादा गावपुढारी बरोबर असतो, आणि हॉस्टेलच्या अंगणात सगळ्यांच्या देखत पोराची उलटतपासणी सुरू होते. या मुलाला त्या अंगणात उभं करायची माझी छाती नव्हती. आणि न कळवता काही झालं असतं तर मी स्वतःला कसं तोंड दाखवणार होते? दोन्हीकडून भीतीच होती.

रेक्टरना मी विश्वासात घेतलं. पार्टनरला सांगितलं, त्याला एकटं सोडायचं नाही. माझा फोन मी देवघरातसुद्धा घेऊन बसायला लागले. फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं, आणि बराच वेळ वाजला नाही तरी व्हायचं. नवरा म्हणाला, "अगं, त्या पोराच्या आधी तुलाच डॉक्टरकडे न्यावं लागेल."

डॉक्टरकडे त्याला मी नेलंच, मिरजेला. यायला तयार नव्हता. "मी येडा हाय का, मॅडम?" म्हणाला.

"कान दाखवायला पुण्यापर्यंत गेलास ना? तेव्हा बहिरा होतास का?"

यावर तो स्कूटरवर मागे बसला. डॉक्टर त्याच्याशी बराच वेळ एकटे बोलले. मी बाहेर बाकावर बसून समोरच्या औषधाच्या जाहिराती पुन्हा पुन्हा वाचत होते. मग मला आत बोलावलं. हा आजार आहे, बरा होतो, गोळ्या चुकवायच्या नाहीत, असं त्यांनी दोघांनाही नीट समजावलं. आणि म्हणाले, घरापासून लपवणं हेच याला सर्वांत जड झालंय. घरच्यांना कळायला हवं, आणि लवकर. स्वतः सांगितलं तर उत्तम, पण एकट्याने जायचं नाही.

तो काही दिवस हो-नाही करत राहिला. शेवटी एक दिवस स्कूटरपाशी आला. "रविवारी जाऊ या, मॅडम. पर तुमी फाट्यापासनं माझ्या बरुबर चालायचं. मागं ऱ्हायचं न्हाई."

रविवारी सकाळी आम्ही इस्लामपूरच्या बाजूने जाणारी गाडी धरली. रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या लागलेल्या, गाडी गोगलगाईसारखी चाललेली. तो खिडकीशी बसून नखं कुरतडत होता. मी घरच्यांशी काय बोलायचं याची मनात तयारी करत होते आणि प्रत्येक वाक्य चुकीचं वाटत होतं.

इस्लामपूरच्या स्टँडवर गाडी चहापाण्याला थांबली. "पाणी पिऊन येतो," म्हणून तो उतरला. चहावाला येऊन गेला, ड्रायव्हर येऊन बसला, कंडक्टरने घंटी दिली, तरी याचा पत्ता नाही. मी ओरडून गाडी थांबवली आणि खाली उडी मारली. नळावर नाही, स्वच्छतागृहाकडे नाही, पेपरच्या दुकानाशी नाही. का आणलं मी याला, कोण समजते मी स्वतःला, भूगोलाची बाई! मग तो दिसला. सांगलीकडे परत जाणाऱ्या गाडीच्या दारात, एक पाय पायरीवर, एक पाय जमिनीवर.

मी जवळ गेले. रागवावं की दंड धरावा, काही सुचेना. शेवटी म्हणाले, "जायचंय का परत? चल, मीही येते. तू जिथे जाशील तिथे आज मी येणारच आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी धापा टाकत होते, केस सुटले होते, एक चप्पल मागे कुठेतरी राहिली होती. तो परत फिरला, आधी माझी चप्पल शोधून आणली आणि मग आमच्या गाडीत चढला. कंडक्टर आम्हाला जे बोलला ते मी निमूट ऐकून घेतलं.

फाट्यावर उतरलो. त्याने डोळे मिटून घेतले होते, लहान मुलं सुई टोचून घेताना मिटतात तसे. मग उघडले. समोर दोन बांबू उभे होते आणि मध्ये काहीच नव्हतं.

"काढलाय," तो पुटपुटला. त्याचा चेहरा पांढरा पडला. "कळालंय गावाला. मॅडम, समद्यास्नी कळालंय."

मला वाटलं, हा आता मागच्या मागे पळणार. पण ठरल्याप्रमाणे मी त्याच्या बरोबरीने चालत होते, आणि एका बाईला अनोळखी गावात एकटं टाकून पळण्याइतका तो अजून खचलेला नव्हता.

घर रस्त्यालगतच होतं. अंगणात वडील म्हशीला वैरण टाकत होते. ताठ कण्याचा, पांढऱ्या मिशांचा माणूस. आम्हाला बघून हातातली पेंढी तशीच राहिली. मी तोंड उघडणार, एवढ्यात पोराची नजर गोठ्यावर गेली आणि माझीही. गोठ्याला थंडीसाठी आडोसा केला होता. त्या कापडाच्या आतल्या बाजूला उलटा रणगाडा होता आणि रणगाड्याखाली, म्हशीच्या शिंगांजवळ, वर्दीतला तो.

"मंडळाच्या पोरास्नी सांगून म्याच उतरिवला," वडील म्हणाले. "कापड दणकट हाय. वाया कशाला घालवायचं?"

आतून आई आली, पदराला हात पुसत. तिने पोराकडे पाहिलं, त्याच्या गालांवरून, खांद्यांवरून हात फिरवला. मी कोण हे पोराने सांगितल्यावर माझा हात धरून मला कट्ट्यावर बसवलं. पोरगं उभंच होतं. मग ते भडाभडा बोललं. कान, पुणे, वय, खोटं बोललेलं जॉइनिंग, गोळ्या, सगळं. वडील पेंढी हातात धरून ऐकत होते.

"ठावं हाय आमास्नी," ते म्हणाले.

"कवापासनं?"

वडिलांनी आईकडे बोट केलं. ती माझ्याकडे बघून सांगायला लागली, कारण पोराकडे बघून तिला बोलवत नव्हतं.

"डबा धुतलेला याय लागला, बाई. ह्यानं जन्मात कवा जेवलेलं ताट उचललं न्हाई. ह्याचा डबा यायचा त्यो कसा, तर चपातीचं तुकडं, लाल कालवणाचा थर, झाकणाला लिंबाची बी. शिव्या घालत घासायची मी. पर तसला डबा आला की म्हणायची, चला, जेवलं माझं पोरगं. आन मग एकदम घासून-पुसून चकचकीत याय लागला. दुसऱ्याच कुणाच्या हातचा. ह्यास्नी म्हणलं, पोराचं कायतरी बिनसलंय, बगा."

वडिलांनी मग ओळखीत फोन लावले आणि मेडिकलचं कळलं. त्याच दिवशी फ्लेक्स उतरला.

"मग विचारलं का नाही तुम्ही त्याला?" माझ्याकडून जरा जोरातच विचारलं गेलं. इतके दिवस साठलेली भीती रागासारखी बाहेर पडली.

"भ्या वाटलं," हवालदार म्हणाले. सरळ माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले. "फोन केला की म्हणायचा, बरं हाय. आमीबी म्हणायचो, बरं हाय. आवं बाई, उगं खोदून विचारलं आन पोरानं तिकडं कायतरी करून घेतलं, तर? सांगलीला येऊन गेलो, कितींदा. गेटाबाहेरनं बगायचो. चालताना दिसला की परत गाडी धरायचो."

मग ते पोराकडे वळले. "भरती गेली तर गेली. तू ऱ्हा म्हंजे झालं." एवढं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं आणि म्हशीला उगाचच आणखी वैरण टाकली. पोरगं आईच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठमोठ्याने रडलं, आणि मीही रडले, समुपदेशकाने रडायचं नसतं तरी. इतके दिवस तो त्यांना भीत होता, ते त्याला भीत होते आणि मी सगळ्यांनाच भीत होते.

त्या दिवशी तो थोडंच जेवला, पण जेवला. ताट तिथेच ठेवून उठला. आईने ते मुकाट्याने उचललं.

सगळं एका रविवारी बरं होत नाही. गोळ्या चालू राहिल्या, मिरजेच्या फेऱ्या चालू राहिल्या. मधे एक आठवडा इतका वाईट गेला की मी पुन्हा फोन उशाशी घेऊन झोपायला लागले. अजूनही तो वर्गात दिसला नाही की माझं शिकवण्यात लक्ष लागत नाही.

पण परवा स्कूटर काढत होते तर त्याचा पार्टनर समोर आला. हातात डबा, परत पाठवायला स्टँडवर निघाला होता. वैतागलेला दिसला.

"बगा मॅडम, कसला ठेवलाय ह्यानं. मला म्हणतोय असाच नीऊन दे. लाज वाटतीया कंडक्टरच्या हातात द्यायला."

मी झाकण उघडून पाहिलं. चपातीचे तुकडे, बोटांनी पुसून घेतलेला रस्सा, कडेला चिकटलेली मोहरी. माझ्या घरी असा डबा आला असता तर मी घर डोक्यावर घेतलं असतं.

"थांबा, नळावर जाऊन घासून आणतो," तो म्हणाला.

मी झाकण घट्ट लावून डबा त्याच्या हातात दिला. "खबरदार पाणी लावलंस तर," म्हणाले. "पळ. दुपारची गाडी चुकेल, आणि त्याची आई वाट बघत असेल."